चौथी टोपी

फिरके साहेबांचा हट्ट एकच :
सत्तावन्न साली जे होतं तेच,
त्याच साच्यातलं, त्याच शिक्क्याचं.
नसेल मिळत तर जागा रिकामी ठेव, युसूफ.

धुळ्यात, आग्रा रोडच्या मागच्या अंगाला,
चौदा महिने त्यांची लँडमास्टर माझ्याकडे उभी होती
विटांवर, चाकं काढलेली,
चष्मा काढून डॉक्टरसमोर बसलेल्या माणसासारखी.

रंग खरवडत गेलो.
आधी पांढरा निघाला, टॅक्सीचा.
त्याखाली कुठल्यातरी निवडणुकीचा निळा.
मग चॉकलेटी, लग्नाच्या घाईत फासलेला,
ब्रशचे केस अजून अडकलेले.
आणि डाव्या दाराच्या बिजागरीआड,
जिथं कुणाचाच हात पोचला नव्हता,
नखाएवढा पिस्ता रंग.
साहेबांनी त्यावर बोट ठेवलं.
बराच वेळ उचललंच नाही.

सीटमध्ये काथ्या हवा होता, निघाला कापूस,
आपल्याकडचाच, सरकीसकट.
साहेबांच्या वहीत दोन रकाने : अस्सल, नक्कल.
कापूस नकलेत गेला.
माझा आजा कमान खांद्याला लावून
गावोगाव कापूस पिंजत फिरला.
मी काही बोललो नाही.
गोणीत भरला आणि माळ्यावर टाकला.

कार्ब्युरेटर कलकत्त्याहून पार्सलनं आला,
घड्याळ मालेगावच्या भंगारातून, काट्यांशिवाय.
काटे सहा महिन्यांनी आले, वेगळ्या गावाहून.
वळायचं असलं की बाजूच्या खांबातून
बाहेर पडणारा तो दिव्याचा हात
भुसावळला रतिलालच्या बिस्किटांच्या डब्यात निजला होता.
तार जोडली, बटण दाबलं :
टक्.
वर्गात पोरानं करंगळी वर करावी तसा तो उठला.
शेजारचा वेल्डर टाळ्या वाजवत राहिला,
आणि आम्ही दिवसभर गाडीला
नुसतीच सुट्टी मागायला लावली.

राहिली चौथ्या चाकाची टोपी.
तीन लखलखीत. चौथीचा पत्ता
एका ट्रकवाल्यानं दिला : दोंडाईचा, मिरची बाजार.

झेलाबाईच्या तराजूला ती टांगली होती.
कडेला तीन भोकं, तीन साखळ्या,
दांडीला पासंगाचा खडा.
मधली अक्षरं मिरच्यांनी चाटून नेलेली.

"हाई टोपी नही, दादा. हाई मनं पारडं शे.
मना सासरानी टांगेल शे."

साहेबांनी समोरच्या दुकानातून
कोरं करकरीत स्टीलचं पारडं आणलं,
वर पाचशेच्या चार नोटा ठेवल्या.
तिनं नोटा परत केल्या, पारडं उलटसुलट पाहिलं.
"यामा मिरची उडस," म्हणाली.

साहेब वाकले, टोपीच्या काठावरून अंगठा फिरवला,
साचा ओळखला, शिक्का ओळखला.
तोच हात डोळ्याला लागला
आणि पुढची दहा मिनिटं ते
झेलाबाईच्या तांब्याच्या ताब्यात होते.

मग त्यांनी दोन किलो मिरची घेतली.
तिनं तोलली. दांडी सरळ राहिली,
तरी वर एक मूठ टाकली तिनं, सवयीनं.

येताना चिमठाण्यापर्यंत कुणी बोललं नाही,
नुसते शिंकत होतो.

गॅरेजात आल्यावर वही उघडली.
टोपी : अस्सल, असं लिहिलं, खोडलं.
नक्कल तर नव्हतीच.
पट्टी मागितली माझ्याकडे,
पानावर तिसरा रकाना आखला
आणि त्यात लिहिलं : वापरात.

पेन तसंच धरून बसले.
मग चार पानं मागे गेले,
कशावर तरी रेघ ओढली.

"युसूफ, तो कापूस...
टाकला नाहीस ना रे?"

मी शिडी लावली.